दोन्हीकडची भिडू

सोमवार, २ सप्टेंबर

हिशेबाची वही वेगळी आणि ही वेगळी. त्या वहीत जे बसत नाही ते इथे लिहायचं ठरवलं आहे. डायरी ह्यांच्या गोदामातली, कुठल्या तरी मागच्या वर्षाची, अगदी कोरी. वार जुळत नाहीत, ते खोडून वर नवे लिहिते. चांगला कागद वाया कशाला घालवायचा.

शाळेच्या फाटकावरच्या फळ्यावर लिहिलं होतं, 'लहान गटाला पास शिकवण्यासाठी पालक हवेत. वेळ दुपारी चार.' मला वाटलं, कच्च्या मुलांना पास व्हायला शिकवायचं असेल. मी मॅट्रिक पास, तेही पहिल्याच फटक्यात. पाढे अजून तोंडावर आहेत. शिवाय आमची भिंगरी त्याच गटात. तिला पायावर एक क्षण ठरता येत नसे म्हणून हे नाव ह्यांनी पाडलं, पण सहा महिने झाले, पोर खांबासारखी उभी असते. म्हटलं, जावं. तिच्यावर नजरही राहील आणि चार मुलांचं भलं होईल. पाढ्यांचा तक्ता घेतला, पेन्सिलींना टोकं काढली आणि गेले.

हेडबाईंनी माझ्या हातात शिट्टी दिली.

"ही कशाला?"

"खेळाचे मास्तर गेले ना सोडून. नवे येईपर्यंत पालकांनीच चालवायचं. आलात तुम्ही एकट्याच."

"पण पास..."

"चेंडूचा पास हो, आजी! ह्याने त्याला द्यायचा, त्याने पुढच्याला."

एकाने दुसऱ्याला चेंडू द्यायचा, ह्यात शिकवायचं काय, ते मला कळलं नाही. द्यायचा, झालं. तेवढ्यात शिपाईमामा माझ्या पेन्सिलींकडे बघून गालात हसला, म्हणून मी 'जमणार नाही' म्हणाले नाही. हेडबाईंनी मास्तरांचं एक खेळांचं पुस्तकही दिलं. मुखपृष्ठ नाही, मधली पानं मात्र शाबूत आहेत.

मनात आहे ते लिहूनच टाकते. भिंगरीची आई, म्हणजे माझी सून, मार्चमध्ये दुसऱ्या गावी शिवणकारखान्यात नोकरीला गेली. माझ्या मुलाशी तिचं पटेनासं झालं होतं. तेव्हा तिला स्वतःची जागा नव्हती म्हणून पोर इथे राहिली. आता खोली मिळाली आहे. ह्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती भिंगरीला न्यायला येणार म्हणते. मुलगा म्हणतो, भिंगरी कुठेही जाणार नाही. मीही देवाला तेच सांगते. पोर माझ्याजवळ राहू दे, दुसरं काही मागत नाही.

मंगळवार, ३ सप्टेंबर

अकरा मुलं. शिट्टी वाजवली की सगळी एकदम पळतात, कुठे ते त्यांनाही ठाऊक नाही. एक मुलगा आहे, स्वतःला कप्तान म्हणवतो. त्याच्या हाती चेंडू लागला की मैदानाला फेरी मारून येतो आणि 'जिंकलो' म्हणतो. काय जिंकला, विचारलं तर म्हणे, "बॉल."

मध्येच चेंडू उसळून भिंगरीच्या अंगावर आला. तिने तो पोटाशी धरला, दोन्ही हातांनी, डोळे गच्च मिटून. मग जो तो तिच्याभोवती. "दे! ए, दे ना! दे इकडे!" मीसुद्धा ओरडले, "अगं, दे!" देईल तर शपथ. घंटा होईपर्यंत तशीच उभी होती.

घरी येताना विचारलं, "का नाही दिलास?"

"दिला की जातो."

"जाणारच. जावा म्हणून तर द्यायचा."

तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच कच्च्या गटातली.

संध्याकाळी तिच्या आईचा फोन आला. मी भिंगरीचं डोकं धूत होते. साबण जाऊ नये म्हणून तिने डोळे मिटले होते. 'डोळे मिटलेत गं तिचे,' असं सांगितलं. सून म्हणाली, "इतक्या लवकर झोपली?" मी 'हं' म्हटलं. खोटं काही बोलले नाही.

गुरुवार, ५ सप्टेंबर

पुस्तकात लिहिलं आहे, 'चेंडूला भिणाऱ्या मुलांसाठी चेंडू बदलावा, मूल बदलू नये.' वाक्य छान आहे, पण चेंडू आणायचा कुठून? ह्यांचे मोजे निघाले, एकेकटे. त्यात जुन्या उशीचा कापूस ठासला आणि तोंड शिवलं.

"माझे मोजे?" हे म्हणाले.

"जोडीदार हरवलेले होते."

"उद्या मी एकटा पडलो तर मलाही कापूस भरशील काय?"

"तुमच्यात भरायला जागा आहे कुठे," मी म्हटलं.

गटात चाकांच्या खुर्चीवरची एक मुलगी आहे. तिला सगळे राणीसरकार म्हणतात, आणि ती वागतेही तशीच. मी तिला प्रेमाने सांगितलं, "बाळ, तू गुण मोज." तर म्हणाली, "आजी, ज्याला खेळात घ्यायचं नसतं त्याला गुण मोजायला देतात. हे मला बालवाडीपासून माहीत आहे."

 मग वर्गातल्या खुर्च्या बाहेर काढल्या आणि सगळ्यांना गोलात बसवलं. बूड उचलायचं नाही. ज्याला द्यायचा त्याचं नाव आधी घ्यायचं. आता नेम धरून टाकावाच लागतो, धावून झेलायची सोय नाही. राणीसरकार सर्वांत तरबेज निघाली. कप्तान तीनदा खुर्चीसकट आपटला. शिपाईमामा म्हणतो, "एका खुर्चीचा पाय गेला तर माझ्या नावावर चढेल." म्हटलं, माझ्या नावावर चढवा.

भिंगरीने मोज्यांचा चेंडूही पोटाशीच धरला. उलट तो मऊ, म्हणून जास्तच.

शनिवार, ७ सप्टेंबर

सुनेचा फोन. घंटी वाजली तशी मी भिंगरीला देवासमोर हात जोडून बसायला सांगितलं आणि मग फोन उचलला. "देवापाशी बसली आहे," म्हटलं. देवाच्या कामातून उठवावं असं सूनही म्हणणार नाही. तिने विचारलं, "खोकला गेला का?" गेला म्हटलं.

भिंगरीने नंतर विचारलं, "कोण होतं?" मी म्हटलं, "आपलंच, असंच."

मंगळवार, १० सप्टेंबर

खुर्च्यांवर थोडा सराव झाला की उभ्याने खेळ घेते, पण अकरा मुलांची वाटणी होत नाही. रोज भांडण. सहा तिकडे, पाच इकडे, की मग पाच जणांचे रुसवे. पुस्तकात उपाय सापडला. दोन्हीकडे पाच-पाच, आणि उरलेला भिडू दोन्हीकडचा. ज्या बाजूकडे चेंडू, त्या बाजूचा तो. चेंडू घेऊन पळायचं नाही, एका बाजूने लागोपाठ पाच पास केले की एक गुण.

मला हे मुळीच पटलं नाही. माणसाने कुठल्या तरी एका बाजूचं असावं. दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी पुस्तक मिटणार, तेवढ्यात भिंगरीने हात वर केला. वर्गात ह्या पोरीचा हात कधी वर जात नाही असं तिच्या बाई म्हणतात.

"मी होते दोन्हीकडची."

"अगं, त्यात जिंकता येत नाही," कप्तान म्हणाला.

"दोन्हीकडून जिंकते," राणीसरकार म्हणाली. "डोकं चालव जरा."

"मग हरते पण दोन्हीकडून!"

ह्यावर त्यांचं इतकं जुंपलं की निम्मा वेळ त्यातच गेला. मला दोघांचंही खरं वाटत होतं.

घरी ह्यांना सांगितलं. म्हटलं, एकच रक्कम दोन्ही बाजूंना लिहिली तर हिशेब चुकणार की नाही? हे म्हणाले, "गोदामात आम्ही तसंच लिहितो. दुहेरी नोंद म्हणतात त्याला. एकाच बाजूला लिहिली तर चुकतो." इतकी वर्षं संसार केला, हे कधी बोलले नाहीत.

चेंडू मात्र पोटाशीच. पूर्वी अर्धी मुलं 'दे' ओरडायची, आता दोन्हीकडची ओरडतात.

गुरुवार, १२ सप्टेंबर

वरच्या मजल्यावर मोठ्या मुलांची परीक्षा. हेडबाईंनी बजावलं, "आजी, आवाज आला तर खेळ बंद." आमच्या खेळात आवाज म्हणजे एकच शब्द, दे. म्हणून नियम केला. 'दे' म्हणायचं नाही. म्हटला तो बाद, गुपचूप भिंतीशी जाऊन बसायचं. बोलायचंच असेल तर ज्याच्या हातात चेंडू आहे त्याने बोलायचं, आणि एकच शब्द, 'घे'.

कप्तान शिट्टीनंतर लगेच बाद. त्याच्यापाठोपाठ आणखी दोघे. मग मुलं सावध झाली. तोंड बंद ठेवायचं तर मागायचं कसं? मग ती आपोआप पसरली. जिथे दिसू तिथे जाऊन उभी राहायची, तळहात पुढे करून. पुस्तकात 'मोकळ्या जागेत जाणे' असं एक पान आहे. ते मला समजलं नव्हतं म्हणून मी शिकवलंच नव्हतं.

चेंडू भिंगरीकडे आला. पोटाशी धरला, डोळे मिटले. आता सगळे झेप घेणार असं मला वाटलं, पण बाद व्हायच्या भीतीने कोणी हूं की चूं करीना. वरून कोणाच्या तरी शाई सांडल्याचा ओरडा ऐकू आला, एवढी शांतता. भिंगरीने एक डोळा उघडला. मग दुसरा. सगळ्यांकडे एकेक करून बघितलं, अगदी माझ्याकडेसुद्धा. मग राणीसरकारकडे वळून म्हणाली, "घे."

चेंडू गेला. राणीसरकारने लगेच परत दिला. भिंगरीने पुन्हा दिला, दुसरीकडे. त्यानंतर तिच्या हातात चेंडू टिकेनाच.

मी काय केलं ते मला कळत नाही. मला फक्त गोंगाट बंद करायचा होता. आनंदात भाजी घ्यायची विसरले. ह्यांना साधा भात वाढला तर म्हणाले, "आज परीक्षा आमचीही दिसते."

रविवार, १५ सप्टेंबर

मुलाला सुट्टी. त्याने स्वयंपाकघरातच सुनेला फोन लावला. हात मोकळे राहावेत म्हणून आवाज मोठा करून फोन फळीवर ठेवला आणि सोललेले वाटाणे खात भांडायला लागला.

"माझी मुलगी आहे ती. मला दे म्हणते, तर देत का नाहीस?" सून तिकडून म्हणाली.

"सोडून गेलीस तू. आणि आता दे म्हणतेस? नाही देत जा!"

"मी तिला सोडून नव्हते गेले. ते नीट बोल."

"मग कोणाला?"

"कळतंय की तुला. शेवटच्या रविवारी मी येणार. दे म्हणजे दे!"

भिंगरी पाण्याचा पेला ठेवायला आत आली होती. कधी आली, कोणाला कळलं नाही. पेला ठेवला आणि म्हणाली, "आई बाद." मग मुलाकडे बोट करून, "तूही बाद. देत नाही म्हटलं तरी त्यात 'दे' येतो." आणि बाहेर निघून गेली.

"काय म्हणाली ती?" मुलाने विचारलं. मी नियम सांगितला. तो आधी हसला. मग वाटाणे खायचा थांबला.

फोन अजून चालूच होता.  मग सून म्हणाली, "आई, हे तुम्ही शिकवता?"

"परीक्षा होती वर. गोंगाट नको म्हणून."

"हं," म्हणाली आणि ठेवला. रागावली की काय, कळायला मार्ग नाही.

त्या भांडणात मी काही बोलले नव्हते, म्हणून मला बाद व्हावं लागलं नाही. पण देवासमोर रोज सकाळी मी तेच म्हणते. पोर माझ्याजवळ राहू दे. तोही 'दे'च. तो धरायचा की नाही? हा प्रश्न कोणाला विचारावा असा माणूस डोळ्यांसमोर येत नाही.

बुधवार, १८ सप्टेंबर

फोन वाजला तेव्हा माझे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात. हे अंघोळीला. तोंडातून निघून गेलं, "घे गं." भिंगरीने घेतला.

आईशी पाऊण तास बोलली. खुर्च्यांचा खेळ, मोज्यांचा चेंडू, कप्तानाचं आपटणं, सगळं. वर आणखी असंही की तिला चेंडू हातात आला की पोटात धडधडतं आणि 'घे' म्हटलं की थांबतं. हे तिने मला सांगितलं नव्हतं. रोज समोर असलेल्या माणसाला काय सांगायचं, असंही असेल.

पीठ हातावर वाळून गेलं. मग पुन्हा पाणी घालून मळलं.

मंगळवार, २४ सप्टेंबर

खुर्च्यांचा सराव बंद केला, शिपाईमामाने सुटकेचा श्वास सोडला. आता सगळा वेळ मोकळ्या मैदानात. राणीसरकारची खुर्ची सुसाट पळते, म्हणून तिला हवेतून नाही, जमिनीवर एक टप्पा देऊन पास द्यायचा. मग सगळ्यांनाच तो नियम केला. टप्पा पडला की चेंडू जरा हळू होतो आणि भित्र्या मुलांना वेळ मिळतो.

पण चेंडू सारखा राणीसरकारच्या मागे पडायचा. पुस्तक काढलं. 'धावत्या गड्याला तो जिथे आहे तिथे पास देऊ नये. तो जिथे पोहोचणार आहे तिथे द्यावा.'

मी हे तीनदा वाचलं. म्हणजे जिथे कोणीच नाही तिथे चेंडू टाकायचा? आणि तो वाया गेला तर? मी मुलांना म्हटलं, "मला काही हे उमगत नाही, तुम्हीच बघा." मुलांना लगेच उमगलं. भिंगरीने मोकळ्या जागी टप्पा टाकला, आणि राणीसरकार चाकं फिरवत तिथे हजर. मीच एकटी 'अरे, अरे, गेला!' ओरडत होते.

नवे मास्तर मिळत नाहीत म्हणे. हेडबाई म्हणाल्या, "आजी, वर्षभर तुम्हीच या की." मी म्हटलं, नात आहे तोवर येईन. हेडबाईंनी विचारलं, "नात कुठे जाणार आहे?" मी म्हटलं, कुठेच नाही.

शनिवार, २८ सप्टेंबर

उद्या येणार ती. काय बोलायचं ते पाठ करते आहे. एक, शाळा अर्ध्यातून मोडू नये. दोन, खोली एकच, तीही मैत्रिणीबरोबर वाटून घेतलेली. तीन, कारखान्यातून यायला उशीर होणार, तोवर पोर एकटी. चार, पोर इथे रमली आहे. चौथा मुद्दा आधी घ्यावा की शेवटी, कळत नाही.

"झालं का भाषण पाठ?" हे म्हणाले.

"तुम्हाला काय वाटतं ते सांगा ना एकदा."

"मला वाटतं पोरीला दोघीही हव्यात."

"तसं होत नसतं."

हे वर्तमानपत्र वाचायला लागले.

रविवार, २९ सप्टेंबर

सून आली. वाळली आहे. बोटांना सुया टोचल्याच्या खुणा. भिंगरी धावत जाऊन बिलगली आणि लगेच सुटून तिला मोज्यांचा चेंडू दाखवायला घेऊन गेली. मुलगा सकाळपासून खाली, स्कूटरचा एकच स्क्रू आवळत.

मग आम्ही दोघी समोरासमोर बसलो. ती खुर्चीच्या काठावर. मला वाटलं, आता म्हणेल, 'द्या माझी मुलगी.' मुद्दे माझ्या ओठांवर तयार. पण तिने नुसतं विचारलं, "आई, ती कशी आहे? म्हणजे, मला काही माहीतच नाही आता."

म्हटलं, आधी एवढं सांगावं, मग मुद्द्यावर यावं. म्हणून सांगायला लागले. डाव्या बाजूची दाढ हलते आहे, कडक काही देऊ नकोस. डोकं धुताना डोळ्यांवर कोरडा रुमाल धरायला लागतो. दूध गार असेल तर साय काढ, गरम असेल तर चालते, का ते विचारू नकोस. नऊच्या पाढ्यात त्रेसष्टला अडते, तिथे रागावायचं नाही, आपणही थोडं थांबायचं. झोपताना दार अर्धवट उघडं लागतं, पूर्ण नाही. रागावली की बोलत नाही, चपलांच्या फळीपाशी जाऊन बसते. तिला उठवायला जायचं नाही, शेजारी जाऊन बसायचं. खोकला उजव्या कुशीवर कमी होतो.

सून ऐकत होती. मध्येच तिने पिशवीतून कागदाचा चिटोरा काढला आणि लिहून घ्यायला लागली. "त्रेसष्ट म्हणालात ना?"

"त्रेसष्ट. आणि हो, पाण्याची बाटली तिची हिरवीच, दुसरी दिली तर..."

आणि माझी जीभ थांबली. कोणाच्या हाती पोर सोपवताना सांगतात तसं मी हे सगळं सांगत होते. मी तर 'नाही' म्हणायला बसले होते. चारातला एकही मुद्दा बोलले नव्हते, आणि आता कुठून सुरू करायचं ते सुचेना.

सूनही थांबली. पेन्सिल तशीच कागदावर. "दुसरी दिली तर काय, आई?"

"दुसरी दिली तर पीत नाही," मी म्हटलं. "हिरवी ओट्यावर आहे. आठवणीने ने."

सुनेने डोळ्यांना पदराऐवजी तो चिटोराच लावला. शाई असती तर सगळं पुसलं असतं, पेन्सिल होती म्हणून बरं. म्हणाली, "आई, एकाआड एक शनिवारी तिला इथे आणते. मधल्या शनिवारी तुम्ही या. खोली बघाल, काय कमी आहे ते सांगाल."

"कमी काय ते मी सांगणारच."

"म्हणून तर बोलावते," म्हणाली, आणि हसली. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्यासमोर दात दिसतील असं हसली.

भिंगरीला विचारलं, जाशील का? ती म्हणाली, "शनिवारी कुणी विसरणार नाही ना?" मुलगा दारात येऊन उभा होता, हात ग्रीसने काळे. तो म्हणाला, "मी स्वतः आणीन." मी त्याला ओळखते, पण हे त्याने भिंगरीच्या डोळ्यांत बघून म्हटलं.

बस सुटल्यावर त्याने मला विचारलं, "आई, तू नाही म्हणणार होतीस ना?"

"हो."

"मग?"

"मला कळलंच नाही रे."

सोमवार, ३० सप्टेंबर

देवासमोर बसले पण काय मागावं ते आठवेना. नुसतीच बसून उठले.

मैदानात जायचं नाही असं ठरवलं होतं. चार वाजता पाय निघाले. पाच-पाच अशी सरळ वाटणी झाली, भांडणाला जागाच नाही. पण मुलं खेळायला उभी राहीनात.

"दोन्हीकडचं कोणी नाही तर पास अडतात," कप्तान म्हणाला. "आजी, तुम्ही या."

"मला पळता येत नाही रे."

"मग पळू नका," राणीसरकार म्हणाली. "मी पण पळत नाही."

शिट्टी शिपाईमामाच्या हाती दिली आणि मधे जाऊन उभी राहिले. मुलं इतक्या वेगाने इकडची तिकडे होतात हे कडेला उभं राहून कधी कळलं नव्हतं. चेंडू आला, कोणाला द्यावा ते ठरेपर्यंत मांडणीच बदलली. गुडघे कुरकुरत आहेत. तेल चोळून बसले आहे.

आताच भिंगरीचा फोन येऊन गेला. गेला म्हणजे, अजून सुरूच आहे. तिने पहिलं काय विचारलं तर, "माझ्या जागी कोण?"

"मी."

इतकी हसली, इतकी हसली, की तिकडे सून विचारायला लागली काय झालं म्हणून.

"आजी, किती वेळा बाद झालीस?"

"दोनदा."

"दे म्हणालीस?"

"तोंडातून जातं गं."

मग नवीन शाळेचं सांगितलं. उद्यापासून. बाकावर शेजारी कोण येणार, ते माहीत नाही. एवढ्यात सुनेने जेवायला हाक मारली. मी म्हटलं, जा, जेव, गार होईल. ती 'हो' म्हणाली आणि फोन तसाच कुठेतरी ठेवून गेली. आता ठेवावा, असं मलाही वाटलं, पण ठेवला नाही. ताट मांडल्याचा आवाज आला. खुर्ची ओढली. सून काहीतरी म्हणाली, भिंगरीने "नको, एवढंच" म्हटलं. हे शेजारून विचारतात, "कोण बोलतंय?" मी म्हटलं, कोणीच नाही, जेवताहेत.

तिकडचा नळ गळतो आहे. स्पष्ट ऐकू येतं. वायसर गेला असणार. शनिवारी जाताना एक घेऊन जायला हवा, घरात जुना आहे.